आंघोळ मीच घालीन

मला मुलगी हवी होती. पोटुशी असताना सारखं तेच मनात यायचं. म्हणून मुलाच्या छातीवर सुपारीएवढ्या गाठी दिसल्या आणि दाबल्यावर पांढरा थेंब आला, तेव्हा मला वाटलं, माझीच इच्छा त्याच्या अंगाला लागली.

धुळ्याला कॉलेजात सायन्स शिकलेली मी. पण ब्राह्मणपुरीत हे विचारणार कुणाला? माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालेलं. पाळण्यात डोकावणाऱ्या बायका आधीच म्हणत, पोरगा कसला, पोरीवानीच शे. त्यांना हे कळलं तर जन्मभर नाव पडलं असतं. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगून टाकलं की बाळाला आईनंच न्हाऊ घालावं असं कॉलेजात शिकवलंय. त्या पाणी तापवून द्यायच्या आणि ओट्यावर जाऊन बसायच्या. मी न्हाणीचं दार लावून गाठी पिळायची. पिळावं तसं दूध वाढतच गेलं. मग एक बाजू लाल झाली, पू धरला, पोराला ताप भरला.

शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी चीर देऊन पू काढला. वाचेल म्हणाल्या. मग आत्याबाईंकडे बघत विचारलं, "कोणी पिळलं हे?"

जुन्या बायका पिळतातच, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. मी खाली बघत राहिले.

"गरोदरपणी आईच्या रक्तात जे रस वाढतात, ते नाळेतून बाळात उतरतात. मुलगा असो की मुलगी, छाती सुजते. हात लावला नसता तर आपोआप ओसरलं असतं."

म्हणजे इच्छेचा काही संबंध नव्हता. फक्त माझ्या बोटांचा होता.

परतताना बैलगाडीत माझ्या नवऱ्यानं, मगननी, आईला फैलावर घेतलं. अडाणीपणा म्हणाले, अजून बरंच काही म्हणाले. त्या एकदाच माझ्याकडे बघून, दोष स्वतःवर घेत म्हणाल्या, "मन्हाच हात जड पडना व्हई."

"उद्यापासून तू पोऱ्याले हात लावू नको," मगन त्यांना म्हणाले.

आत्याबाईंनी मांडीवरचं बाळ माझ्याकडे दिलं. आंघोळीपासून मी त्यांना तोडलंच होतं, आता मांडीही गेली.

"त्यांनी नाही," मी म्हणाले. "मी पिळलं. रोज, दार लावून."

मगननी कासरा ओढला. गाडी थांबली. ते मागे वळले, तशा आत्याबाई मध्ये पडल्या.

"बाळंतीनले बोलू नको रे, दूध आटी जाई. गाडी हाक."

बाळ रडायला लागलं. मी पदर सावरला, पण गाडी हलली तसं हिसक्यांत त्याचं डोकं एका हाताला सावरेना. आत्याबाईंनीच त्याचं डोकं खालून धरलं, गाव येईपर्यंत.