नावापुढच्या चांदण्या

संघमित्राने रिप्लेसच्या चौकटीत चांदणीची खूण टाकली, खालची ओळ रिकामी ठेवली आणि बटण दाबलं. यादीतली एकशे चाळीसच्या एकशे चाळीस नावं गायब झाली; संगणकाच्या लेखी चांदणी म्हणजे 'काहीही'.

"वाट लागली," ती पुटपुटली आणि घाईघाईने सगळं मागे घेतलं. नावं परत आली, चांदण्याही परत आल्या.

मरोळच्या त्या धर्मादाय नेत्रालयातले गुणाजीकाका महिन्यापूर्वी निवृत्त झाले आणि त्यांची यादी तिच्या गळ्यात पडली. नावं भरली होती की रांगोळी काढली होती, कोण जाणे. पुढेमागे मोकळ्या जागा, मध्येच टिंबं, काही नावांपुढे चांदणी. मोतीबिंदूच्या शिबिरातली ऑपरेशनं शनिवारऐवजी उद्याच होणार होती. डॉक्टर त्यानंतर थेट चार महिन्यांनी येणार. सगळ्यांना मेसेज जायलाच हवा होता आणि मेसेजची यंत्रणा असली नावं घेत नव्हती.

तिने जादा मोकळ्या जागा छाटणारं ट्रिमचं सूत्र लावून पाहिलं, तरी मोकळी जागा हटेना. तासभर डोकं आपटल्यावर कळलं, ती साधी स्पेस नव्हतीच; दिसायला तशीच, पण संगणकाच्या लेखी वेगळी खूण, तिचा कोड एकशे साठ. मग खुणा बदलणाऱ्या सब्स्टिट्यूटच्या सूत्रात पुन्हा सब्स्टिट्यूट घालून तिने एकेक कचरा काढला. कंस मोजून मोजून जीव मेटाकुटीला आला. स्वच्छ नावं जुन्या नावांवरच चिकटवली, फाइल सेव्ह करून बंद केली. तीन वाजता मेसेज गेले. राग मात्र गेला नव्हता, म्हणून तिने काकांना फोन लावला.

"काका, कसली यादी ठेवलीत हो! त्या चांदण्या काढताना घाम फुटला मला."

"काढल्यास गो?" काकांनी विचारलं. "चांदणी होती त्यांना वाचता येत नाही. त्यांना मी फोन करायचो."

"मग तसं लिहून ठेवायचं ना!"

"शिबिराच्या दिवशी यादी दारावर लावतात. नावापुढे असं कसं लिहायचं?"

तिने फाइल उघडली. सगळी नावं एकसारखी, नीटनेटकी. जुनी प्रत कुठेच नव्हती. स्वतःचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

कोणाला वाचता येत नाही, ते आता एकेकाला फोन करूनच कळणार होतं. पहिला नंबर गोवंडीच्या चंपाबाईंचा.

"मावशी, मेसेज आला का? वाचता येतं ना तुम्हाला?"

पलीकडचा आवाज एकदम चढला.

"येतं की. चष्मा सापडेना झालाय."

दुसऱ्या नंबरच्या कुंडलिकरावांचाही चष्मा सापडत नव्हता. तिसरे खेकसले, "दिसत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" तिघांनाही तिने उद्याची वेळ सांगितली. चौथ्या बाईंनी फोन उचलला, तेव्हा तिने तो प्रश्न गिळला.

"मावशी, ऑपरेशन उद्या सकाळी आठला आहे. आमच्या मशीनचं काही खरं नाही, मेसेज धड जात नाहीत. म्हणून सगळ्यांनाच फोन करतेय."