परतीची गाडी

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. अॅल्युमिनियमच्या नळ्या, हिरवं कापड आणि उजव्या हाताला पेला ठेवायची जाळी, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला वाकवलं, शिवलं आणि लांबट पिशवीत कोंबून दुकानात धाडलं. मित्रांनो, उघडली तर मी खुर्ची, नाहीतर नुसता काठ्यांचा भारा. माझं निम्मंअधिक आयुष्य मिटूनच गेलं.

मला एका परिचारिकेनं विकत घेतलं. आठवडाभर रुग्णालयात उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडत. रविवारी तिची मुलगी फुटबॉल खेळायची आणि मैदानावर बसायला साधा दगड नव्हता. मुलीला घरात सगळे ठकी म्हणत.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. चेंडू जिकडे जाई तिकडे साऱ्या मुली मधमाश्यांसारख्या धावत. एकदा ठकीनं आपल्याच गोलात चेंडू मारला, तर दोन्ही संघ मिळून नाचले! आई इतकी हसली, की मी तिच्यासकट मागे कलंडले.

मग ठकीचा संघ जिंकू लागला.

"ती सात नंबरची तुमचीच का हो?" शेजारचे पालक विचारू लागले. आईची मान ताठ होई. रुग्णालयात दिवसभर नुसतं "सिस्टर, इकडे या, तिकडे जा". इथं लोक तिला मानानं विचारत होते. मी तिला दोष देत नाही. पण ती आता माझ्या टोकावर बसे आणि माझे हात असे आवळी, की नळ्या कुरकुरत.

"ठके, लक्ष कुठंय? मागे ये! अगं मार ना!"

सामना संपला, की मी गाडीच्या डिकीत, ओल्या बुटांच्या पिशवीखाली. पुढचं सगळं मला तिथूनच ऐकू येई.

"त्या उंच मुलीला पास कशाला दिलास? ती काय दिवे लावणार होती?"

"तिला एकदाही चेंडू मिळाला नव्हता, आई."

"मग? दानधर्म करायला आलोय का आपण?"

मागचं दार आतून उघडत नसे. ठकीला उतरता येत नव्हतं आणि मलाही. हूं की चूं न करता दोघी घर येण्याची वाट बघायचो.

पुढं पुढं रविवार उजाडला, की ठकीचं पोट दुखू लागे. "नर्सच्या घरात ही नाटकं चालायची नाहीत," आई म्हणे आणि बुटांच्या नाड्या बांधून देई.

अंतिम सामन्याच्या दिवशी आई फुटबॉल शिकवणाऱ्या सरांशी बोलत उभी होती. ठकी बूट घ्यायला गाडीमागे आली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ डिकीत शिरली. झाकण तिनं आतून ओढून घेतलं. मित्रांनो, असं कधी करू नका. आत जीव घुसमटतो. ती माझ्यावर डोकं टेकून पडली होती. तिचं काळीज धडधडत होतं आणि मला तिला धरताही येत नव्हतं.

शिट्टी वाजली. "ठकी!" आईची पहिली हाक रागाची होती. दुसरी तशी नव्हती. तिसरी तर रडवेली होती. शेवटी तिनं झाकण उघडलं.

"अगं वेडे!" तिनं ठकीला उठवून बसवलं. "खेळायचं नव्हतं तर सांगायचं ना!"

"खेळायचंय."

"मग?"

"नंतर तुझ्याबरोबर गाडीतून यायचं नाही."

आई डिकीच्या काठावर मटकन बसली.

"मी इतकं बोलते?"

"हो."

"हरलात की?"

"जिंकलो की जास्त."

आईनं तिला जवळ घेतलं.

ठकी उत्तरार्धात खेळली. ऐन वेळी तिचा चेंडू खांबावर आदळला आणि संघ हरला. परतताना आई गप्प होती. दोनदा तिनं घसा खाकरला. "पाणी हवंय?" एवढंच म्हणाली. अर्धा रस्ता सरला तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "आई, त्यांच्या गोलकीपरचा बूट उडालेला पाहिलास?"

"पाहिला. आधी मला वाटलं, चेंडूच गेला!"

दोघी हसल्या. तरी सगळं एका दिवसात बदललं नाही. पुढच्या रविवारीही आईच्या तोंडून "मागे ये!" निसटलंच. पण तिनं लगेच तोंडावर हात दाबला.

आता ठकी मोठी झाली. मी गॅलरीत कपडे धुण्याच्या यंत्रामागे मिटून उभी आहे. सांधे गंजलेत. मला कधीतरी तेलाचा थेंब द्या, ऊन दाखवा, एवढंच मागते.

आणि मित्रांनो, मैदानाच्या कडेला तुमच्यासाठी कुणी घसा फोडत असेल, तर त्याचं तुमच्यावर प्रेम असतं, हे खरं. पण ते टोचत असेल, तर तसं सांगा. मोठ्यांना सगळं आपणहून कळतंच असं नाही. मला कळत होतं, सारं कळत होतं. पण खुर्चीला तोंड नसतं. तुम्हाला आहे.