धुरा ओलांडलेले आकडे

नागपूरच्या संगणकाकडून देवमनचा गावोगावच्या पावसाचा तक्ता छापून परत आला, तेव्हा पाऊस गावांच्या नावांवरच पडला होता. आकड्यांना जागा पुरली नव्हती. ते धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडल्यासारखे शेजारच्या नावांत घुसले होते. संगणक वाचतो ती भोकांची कार्डं दुरुस्त होऊन आज नागपूरला गेली नाहीत, तर देवमनची नोकरी जाणार होती. कारंजा गावात कार्डांना भोकं पाडायचं यंत्र नव्हतं, आणि कार्डं नेणारी एसटी सुटत होती.

"बस काय तुह्या सासऱ्याची हाय बे?" कंडक्टर दौलतराव ओरडला.

आकड्यांना किती जागा द्यायची ते सांगणाऱ्या कार्डावर नऊच्या भोकाआधीचं घर कोरं होतं. देवमननं श्वास रोखून दाढीच्या ब्लेडनं तिथं एकाचं भोक कोरलं. नऊचे एकोणीस झाले.

"काय केलं?"

"आकड्यांले जागा वाढवून देली."

दौलतरावनं कार्डांचा गठ्ठा घेतला, घंटी मारली. "मंग माह्या सातबाऱ्यालेबी एक भोक पाड ना!"