पडवीतली दुसरी चूल

मी नवऱ्याला सोडलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. त्या साली कापड्यापासून उमरठपर्यंत बोभाटा झाला व्हता की चंपाबाईनं म्हातारपणी वेगळं घर मांडलं. घर नव्हतं मांडलं, चूल मांडली व्हती. तीबी डोळ्यांपायी.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला व्हता. समोरचं सगळं ताकात बुडवल्यासारखं दिसायचं. एकदा शेजारच्या काशीबाईची शेळी आमची समजून घरी आणली, दूध काढाया बसले, आणि तिनं लाथ मारली तशी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काशीबाई दारात उभी राहून सगळं ऐकत व्हती, पण बोलली नाय, हसून हसून तिला बोलताच येईना.

शेळीचं सोडा. आमची लेक आवडी तुडीलला दिलेली, तिला पयली मुलगी झाली. नातीला मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, पण तोंड काय दिसलं नाय. आमचे हे, नाव मी घेत नाय, वाडी त्यांना धोंडू बोलते, तर हे सगळ्यांना सांगत सुटले की पोरीचं नाक हुबेहूब त्यांचं स्वतःचं. जळला मेला तो मोतीबिंदू! माणूस खरं बोलतोय का थापा मारतोय, ते बघायला डोळा तर पायजे ना? माझा सगळा जीव त्या नाकात अडकला. नातीचं तोंड बघितल्याबिगर मरायचं नाय, असं मी ठरवून टाकलं.

म्हाडचा डॉक्टर बोलला, मुंबईला जाऊन ऑपरेशन करा, वर जाड भिंगाचा चष्मा घाला, चांगलं दिसंल. आता मुंबईतला दवाखाना आमच्यानं कुठला व्हायचा? पण आमच्या बुद्धवाडीचं बंधू मंडळ व्हतं. सभासद आजारी पडला की त्याचा दवाखाना मंडळ करायचं. सोमाच्या हर्नियाला मंडळ उभं राहिलं, गणूच्या अल्सरला मंडळ उभं राहिलं. मला वाटलं, माझ्या मोतीबिंदूलाबी उभं राहील.

विहारात बैठक बसली. अध्यक्ष भिकाजी, मुंबईच्या गिरणीतनं रिटायर होऊन आलेला, तिकडचं बोलणं संगं घेऊन आलेला. तो बोलला, "रूल म्हणजे रूल, चंपावहिनी. चुलीमागे एक सभासद, आणि मदत सभासदाला. तुमच्या चुलीचा सभासद धोंडू आहे. धोंडूला काय झालंय?"

धोंडूला काय धाड भरली व्हती! पण माणूस मायेचा. आमचे हे हळूच उभे राहिले आणि हात जोडून बोलले, "मग हिचा मोतीबिंदू माझ्या नावावर करा." अख्खं विहार हसलं. मीबी हसले, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात माझ्या ध्यानात बयाबाई आली. तिचा नवरा वारला, तवापासून तिची चूल मंडळात हाय. मी इचारलं, ती कशी चालते? भिकाजी बोलला, तिची स्वतःची चूल आहे ना. मी बोलले, म्हंजे नवरा मेला तरच बाईला दवाखाना? आमचे हे बाजूला चुळबुळ कराया लागले. मंग मीच बोलले, "मरायला कशाला पायजे? उद्या मी माझी चूल मांडते."

दुसऱ्या दिवशी पडवीत माती कालवून चूल थापली. आमच्या मंडळात नव्या चुलीची रीत ठरलेली. भिकाजीनं आणि बाकीच्या पंचांनी येऊन तिच्यावरचा चहा प्यायचा, की चूल मंडळात आली. पण एक कडक नेम व्हता. पयला महिनाभर या चुलीचं अन्न त्या चुलीवाल्यानं खायचं नाय. सोमा-गणू भावाभावांनी मागं खोटं वेगळं निघून एकाच तव्यावर भाकऱ्या खाल्ल्या व्हत्या, तवापासनं हा नेम. पंच आले, तोंड वाकडं करून चहा प्याले, आणि महिना सुरू झाला.

अवो, काय तो महिना! आमच्या ह्यांनी जन्मात कधी चुलीत फुंकर घातली नव्हती. पयल्या दिवशी भात केला, तो पातेल्यासकट शेळीला दिला, तर शेळी त्याच्याकडं बघून मागं सरली. काशीबाईनं समोरच्या अंगणात बसून पंचांच्या वतीनं पहारा धरलेला, म्हंजे मला एक घास इकडून तिकडं देता येत नव्हता. पण बोलायला कुणाची बंदी? मी आपली कोंबडीला शिकवायची. "अगो कोंबडे, उकड काढायची तर पाणी आधी खळखळू दे. मंग पीठ घाल. आता झाकण ठेव गो, बाय माझी." मधल्या कुडाच्या पलीकडं आमचे हे गुपचूप तसं करायचे. आणि मला दिसत नाय, तर ते तिकडून कुत्र्याला सांगायचे, "मोत्या, दूध उतू चाललंय बघ. मोत्या, मीठ त्या डाव्या डब्यात हाय." आमच्या कोंबडीला आणि कुत्र्याला त्या महिन्यात सगळा सैपाक यायला लागला असंल.

उमरठचे जुने पाव्हणे समेट कराया आले. तुडीलची इहीणबाई रडत आली, या वयात असं करू नका बोलली. मी तिला समजावून सांगितलं, तर ती घरी जाऊन इचार करते बोलली. पण कशाचा, ते नाय सांगितलं.

महिना सरत आला आणि माती खाल्ली. मी नाय, आमच्या ह्यांनी. त्यांची भाकरी पयल्यांदा फुगली. टम्म फुगली! माणसाला इतका आनंद झाला की काशीबाई पाण्याला गेलेली बघून त्यांनी ती गरम भाकरी आणून माझ्या हातात ठेवली. बोलले, "चंपे, हात लावून बघ गो, फुगलीय." मी हात लावला. मंग नुसता हात लावून कसं भागणार, एक तुकडा मोडला. तेवढ्यात अंगणात भिकाजी उभा.

संध्याकाळी विहारात त्यानं ती अर्धी भाकरी हातात धरून सगळ्यांना दाखवली. एका चुलीचं अन्न दुसरीला गेलं, नेम मोडला, चंपावहिनींची चूल मंडळातून बाद. भाकरी खरी व्हती. घरी आले आणि पडवीत बसून ढसाढसा रडले. आता नातीला मी बोटांनीच वळखायची, असं मनात आलं. आमचे हे शेजारी बसले आणि त्या फुगलेल्या भाकरीला शिव्या घालत राहिले.

सकाळी उठले तर सगळीकडं धुराचा वास. मला वाटलं कुणाचं गवत पेटलं. काशीबाई धावत आली. बोलली, "अगो चंपे, वाडीतल्या समद्या बायांनी चुली मांडल्या. मीबी मांडली." आणि हे कुणी केलं? भिकाजीच्या बायकोनं, सोनाबाईनं! ती रात्रीच दारोदार फिरली व्हती. तिच्या गुडघ्याचं दुखणं वरसानुवरसं घरात पडून व्हतं, पण सभासद भिकाजी, आणि भिकाजीचे गुडघे लोखंडाचे.

आता रीत म्हंजे रीत. पंचांना प्रत्येक चुलीचा चहा पिणं भाग व्हतं. बायांनी मुद्दाम गूळ वतून, भरल्या पेल्यानं पाजला. दुपारपर्यंत पंच नुसते झाडामागं पळत व्हते. आणि दुपारी जेवाया घरी गेले, तर घराघरात एकच उत्तर, तुमची चूल तिकडं. भिकाजीनं सोनाबाईला इचारलं, माझा भात? ती बोलली, महिनाभर नेम हाय, अध्यक्ष. त्यानं स्वतः चूल पेटवायला घेतली, तर भुवया जाळून घेतल्या.

दिवस मावळायच्या आत वाडीतले सगळे पुरुष उपाशी, आणि अख्ख्या वाडीत भाकरी येणारा बाप्या एकच. आमचे हे! एकेक करून सगळे आमच्या दारात. सोमा आला, गणू आला, शेवटी पोट आवळत भिकाजी आला. आमचे हे थापत व्हते, भाजत व्हते, वाढत व्हते. माझी छाती अशी फुगली की काय सांगू. भिकाजीनं पयला घास तोंडात घातला, तशी मी पडवीतून इचारलं, "अध्यक्षसाहेब, ही भाकरी कुठल्या चुलीची?"

भिकाजीचा घास तोंडातच राहिला. मंग कुणीतरी फिसकन हसलं, आणि तो हशा जो सुटला, तो बसेनाच. भिकाजीबी हसला, डोळ्यांतून पाणी येईस्तवर. घास गिळला आणि बोलला, "वहिनी, मंडळच बाद झालं. आता नवीन रूल करू. चुलीमागे दोघं." सोनाबाई अंगणातून बोलली, आधी चंपीचे डोळे, मंग माझे गुडघे. तसंच झालं.

मुंबईला ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि बशीएवढा चष्मा लागला. गावाला आले तर आवडी पोरीला घेऊन दारात उभी. मी पोरीला घेतलं, पोर माझ्या चष्म्याला बघून केकाटली, आणि मी तिचं नाक बघितलं. जन्मभर आरशात बघितलेलं नाक. माझंच, अक्षी माझं.

तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी पोरीला घ्यायला हात पुढं केले. दिसाया लागल्यापासनं त्या हातांची बोटं मी पयल्यांदाच बघत व्हते. सगळ्या बोटांवर चटक्यांचे काळे डाग. महिनाभर कुडाच्या पलीकडून सांगायचे, मोत्या, माझा हात कायपण भाजत नाय बघ.

"काय गो," ते बोलले, "बघितलंस? कुणाचं नाक?"

"तुमचंच," मी बोलले.

ते पोरीला खांद्यावर घेऊन अख्ख्या वाडीला सांगत सुटले, आणि मी त्यांना कोपऱ्यावर वळेस्तवर बघत राहिले.