अक्काच्या घरावरचा जैसे थे हुकूम

आमच्या कोर्टाचा जैसे थे हुकूम बजावला की त्या जागेवर सगळं खरोखरच आहे तसं थांबतं. माशी हवेत राहते, चुलीचा धूर उभा राहतो. फक्त सरकारी नोकराला ते बाधत नाही. मी बेलीफ, हुकूम पोचवायचं काम माझं. एकवीस वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या मंगळवारी हुकुमावर पत्ता माझ्या थोरल्या बहिणीचा होता. रस्त्यात येतं म्हणून नगरपालिकेने अक्काचं घर पाडायला काढलं होतं. आमच्या न्यायाधीश देशिंगकर मॅडमनी अकरा वाजता मनाई दिली, साडेअकराला मी पोचलो. जेसीबी अंगणात उभा होता. आत दाजी अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे अक्का हटायला तयार नव्हती.

अतिक्रमण विभागाच्या वाघधरे साहेबांपुढे मी हुकूम धरला. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

"साहेब, कोर्टाचा हुकूम आहे."

"असेल. मला वरून काही आलेलं नाही."

घेत नसतील तर नियम सरळ आहे. दोन पंच बोलवायचे, पंचनामा लिहायचा, हुकूम दारावर डकवायचा. नाहीतर बजावणी धरत नाहीत. मी पायरीवर बसून लिहायला घेतलं. पंचांची नावं, वय, धंदा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गटार. जेसीबी सुरू झाला.

अक्का आतून ओरडली, "सुदाम, तुझं लिहिणं घाल मसणात! आधी यांना उचलू लाग!"

"आलोच अक्का, सह्या राहिल्यात."

देवाशपथ सांगतो, मला वाटलं, कागद पक्का झाला की ती वाचली. सह्या झाल्या, वेळ घातली, अकरा एक्केचाळीस, आणि खळ लावून हुकूम दारावर दाबला.

सगळं थांबलं. आत गेलो तर जेसीबीचा पंजा छप्पर फोडून अक्काच्या डोक्यावर वीतभर आलेला. कौलं हवेत. ती दाजींवर वाकलेली. मी तिचा हात ओढला. भिंतीतली खुंटी ओढावी तसं झालं.

मी धावत मॅडमपुढे गेलो. "तेवढा पंजा मागे घ्यायला सांगा, मॅडम."

"कोर्टाला तोंड असतं सुदाम, हात नसतात," त्या म्हणाल्या. "हात सरकारचे. मी त्यांना कळवते."

त्यांनी कळवलं. वाघधरे साहेबांचं उत्तर आलं, की जैसे थे असताना पंजा हलवल्यास कोर्टाचा अवमान होईल, सबब आधी हुकूम उठवावा. हुकूम उठवला की कौलं खाली. मी म्हणालो, अर्धा उठवा. मॅडम म्हणाल्या, हुकूम अर्धा उठत नाही. दोघांचंही बरोबर होतं. एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. चुकणाऱ्याशी माणूस भांडेल तरी, यांच्याशी काय भांडायचं?

तारखा पडू लागल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि माझी तर भाकरीच त्या पायरीवर. दर तारखेला मुदतवाढ मिळे आणि थांबलेली जागा चार हात वाढे. शेजारच्या भोसेकर काकू दोरीवरच्या लुगड्याला चिमटा लावता लावता थांबल्या. पुढे पिठाची गिरणी थांबली, मग रिक्षा स्टँड. मॅडम बदलून गेल्या. वाघधरे साहेबांचे केस पिकले.

मी रोज कामावर जाताना अक्काकडे जायचो. ती सेहेचाळीसचीच होती. एका सकाळी लक्षात आलं, थोरली बहीण माझ्याहून लहान झालीय. त्या दिवशी मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. "तू हाक मारलीस तेव्हाच उठायला हवं होतं गं," म्हणालो. तिच्या कानापर्यंत ते गेलं नाही.

सोळाव्या वर्षी थांबलेली जागा कोर्टाच्या फाटकाला येऊन टेकली. नवे न्यायाधीश खिडकीतून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हुकूम उठवला. दारावरचा कागद नगरपालिकेने काढावा, असं खाली लिहिलं; तो निघेपर्यंत सगळं थांबलेलंच. तारीख होती एकतीस, माझ्या निवृत्तीची. संध्याकाळी पाचनंतर मी सरकारी नोकर नव्हतो.

साडेचारला वाघधरे साहेबांबरोबर आम्ही अक्काच्या घरी गेलो. पालिकेचा शिपाई दारापाशी थांबला. मी आत जाऊन अक्का आणि पंजा यांच्यामध्ये शिरलो. जागा वीतभरच होती, पण शिरलो. दोन्ही तळवे जमिनीवर रोवले, पाठ वर केली. पंजाचे दात सदऱ्यातून टोचत होते. खाली अक्काच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण सोळा वर्षांत पहिल्यांदा मी बरोबर जागी होतो.

"काढा साहेब," मी म्हणालो.

वाघधरे साहेब उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि त्यांनी एक कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचं काही बरंवाईट झालं तर खात्याची जबाबदारी नाही, एवढं लेखी द्या. बाकी काही नाही."

"माझे हात गुंतलेत."

"एक सही फक्त. त्याशिवाय मला काढता येत नाही."

मी डाव्या हातावर सगळा भार घेतला, उजवा उचलला आणि पेन धरलं. नाव लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात बाहेर शिपायाने नखाने कागद खरवडायला घेतला.