इनियाची जीभ

बारा वर्षांची होईपर्यंत इनिया तेनी तालुक्यातली एकही वक्तृत्व स्पर्धा हरली नव्हती. तेराव्या वर्षी तिला स्वतःचे नाव धड उच्चारता येईना. कान शाबूत, टाळू शाबूत, डोक्याला कधी मार नाही.

वाचा-उपचारक तिलकवतीने वर्षभर तिच्याकडून आरशासमोर जिभेचे व्यायाम करून घेतले. शब्द जडच होत गेले. हल्ली ओठांच्या कोपऱ्यातून लाळही ओघळे. पहिल्याच दिवशी तिने इनियाच्या आईला, मरगदमला, विचारले होते, लग्न नात्यातले आहे का. मरगदम नाही म्हणाली होती आणि तो प्रश्न तिथेच मिटला होता.

"पुरे आज. दमलीस," तिलकवती म्हणाली.

"द… दमले नाई. स्पर्धा… आहे."

"ही उभी राहिली की म्हातारेकोतारे गप्प बसायचे, अक्का," मरगदम म्हणाली. "आता वर्गातल्या पोरी नकला करतात. दृष्टच लागली. न्हाण आलं तेव्हा अख्खा गाव जेवला ना!"

दारातून तिच्या सासूने डोके आत घातले. "अगं ए, बस चुकवणारेस काय? घरी तुझा नवरा माझ्या नावानं शंख करेल!"

"आले गं अम्माची, जरा दम धर की!"

तिलकवतीचा आरसा उचलणारा हात थांबला. या भागात अम्माची म्हणजे आईची आई.

"सासूला अम्माची म्हणता?"

मरगदमने मान खाली घातली. म्हातारी मात्र खुशीत हसली. "जन्मल्यापासून म्हणते! माझ्या थोरल्या लेकीची लेक ही. माझ्या धाकट्याला केली. भाचीवर मामाचाच हक्क. सोन्यासारखी पोर बाहेर कशाला द्यायची?"

"मग मला नाही का म्हणालात?"

"माझी थोरली पोर, इनियाची बहीण, दहा वर्षांची असताना काविळीनं गेली," मरगदम हळू म्हणाली. "दवाखान्यातला डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडला, मामाशी लग्नं करता नि मग रडत येता. अक्का, मला कुणी विचारलं होतं का?"

कावीळ. तिलकवती दुसऱ्याच दिवशी इनियाला मदुरैला नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन गेली. भिंगाखाली तिच्या दोन्ही बुबुळांच्या कडेने साठलेल्या तांब्याचे तपकिरी कडे दिसले. रक्त-लघवीच्या तपासण्यांनीही तेच सांगितले.

"अंगात तांबं साठलंय म्हणे. मी पाण्याची तांब्याची घागर फेकून दिली," मरगदम म्हणाली.

"बरं केलंत. पण आजार घागरीतून आलेला नाही," तिलकवती म्हणाली.

"औषधानं बोलेल ना ती?"

"आणखी बिघडणार नाही, बहुधा. थोडं सुधारेल. पहिल्यासारखं बोलेल, असं मी सांगू शकत नाही. इनियाच्या धाकट्या भावालाही उद्याच तपासायला आणा. वेळेवर औषध मिळालं, तर तो चांगला राहील."

इनिया दोघींकडे पाहत होती. तिने स्वतःच रुमालाने हनुवटी पुसली आणि आरसा पालथा ठेवला.

कारण असे होते. अम्माची किंवा तिचा नवरा, दोघांपैकी एकाकडचे एकच सदोष जनुक मुलाकडे, म्हणजे इनियाच्या बापाकडे, गेले आणि मुलीमार्फत मरगदमकडेही. इनियाला ते आई आणि बाप दोघांकडून मिळाले. तिच्या यकृताला तांबे बाहेर टाकता येत नव्हते. ते आधी यकृतात साठले आणि वयात येताना मेंदूच्या जीभ चालवणाऱ्या भागात. इनियाच्या थोरल्या बहिणीच्या यकृताने त्याआधीच हात टेकले होते. वर्षभराच्या व्यायामांनी त्यातला कणही हलला नव्हता.