आनंदीचा दगड

चाळीपुढच्या मोकळ्या जागेत पोरांसाठी खेळायची जागा झाली, तेव्हा नरहरीला बरं वाटलं होतं. पूर्वी तिथे बोईसरच्या कारखान्यांचे टँकर उभे असायचे, आणि अंधार पडला की त्यांच्या आडोशाला दारू पिणारे बसायचे. पंचायतीने हे काम चारुता नावाच्या मुलीला दिलं. तिने टँकर हटवले, टायरांची शिडी केली, सिमेंटच्या पाइपांचा बोगदा केला, नवापूरच्या कोळ्यांकडून मासेमारीचं जुनं जाळं आणून चढायला बांधलं. बाक मात्र एकही ठेवला नाही. बाक दिसला की दारुडे येतात, असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं.

दारुडे गेले. पण पोरंही येईनात.

"रविवारी विपुलभाऊ बघायला येणार आहेत," चारुता नरहरीच्या दारात येऊन म्हणाली. विपुल पंचायतीचा सदस्य. "रिकामी दिसली तर जागा परत टँकरवाल्यांना देऊ म्हणतात. काका, माझं चुकलं तरी काय?"

शेजारची लाडकी हंडा घेऊन नळावरून येत होती. जव्हारकडची, नवराबायको दोघंही बांधकामावर. ती थांबली.

"पोरीला धाडू कशी ताई? तिथं बघायला कोन हाय? आनंदीमावशी व्हती तवा टँकर व्हते, दारुडे पन व्हते, तरी आमी पोरं सोडायचो. मावशी दगडावर बसलेली असायची ना."

नरहरी आत गेला.

आनंदी त्याची बायको. बदामाच्या झाडाखाली, त्या जागेच्या कडेला एक दगड होता. दुपार कलली की ती सूप घेऊन त्यावर बसायची आणि सुक्या जवळ्यातले खडे निवडायची. मान खाली, पण एक पोर नजरेतून सुटायचं नाही. टँकरवाला रामकिसन गाडी मागे घ्यायला लागला की ओरडायची, "बच्चा लोक है, पीछे देख!" ती गेल्यापासून सूप खिळ्यालाच होतं. दगडाजवळून जाताना नरहरी तोंड फिरवायचा. तिथे बसलो तर चारचौघांत रडू फुटेल, याची त्याला धास्ती होती.

रविवारी त्याने खिडकीतून पाहिलं. चारुता एकटीच टायरांची शिडी पुसत होती. तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

त्याने सूप काढलं. डब्यातला जवळा त्यात ओतला आणि जाऊन दगडावर बसला. दगड सावलीतही गरम होता. रडू आलं नाही. वाऱ्याने जवळा उडू नये म्हणून त्याने सुपावर हात धरला, एवढंच.

"आई, आजोबा बसलेत!" लाडकीची दीपिका दारातून ओरडली.

लाडकीने बाहेर डोकावून पाहिलं. "जा. लांब जाऊ नको."

दीपिका पळाली. तिच्या मागून दुसऱ्या दारातली दोघं, मग आख्खी चाळ. बोगद्यातून आरडाओरडा सुरू झाला. विपुलची मोटरसायकल आली तेव्हा जाळ्यावर चढायला रांग लागली होती. जागा परत मिळणार म्हणून मागोमाग रामकिसन टँकर रिव्हर्समध्ये आत घ्यायला लागला.

नरहरीने मान वर केली नाही. "बच्चा लोक है. पीछे देख!"

रामकिसनने करकचून ब्रेक मारला. खिडकीतून वाकून त्याच्याकडे बघत राहिला, मग हसला. "अरे चाचा, एकदम चाची!" आणि टँकर बाहेर काढला.

विपुलने पोरांकडे बघितलं. "आता टँकर कुठे लावणार? राहू दे," म्हणाला, आणि गेला.

चारुता शेजारी येऊन मातीतच बसली. "काका, इथे सावलीत बाक ठेवू?"

"ठेव की. लाडकीला टेकायला होईल. दगड तेवढा हलवू नको."

घामाघूम झालेली दीपिका सुपात डोकावली. "आजोबा, खडे तसेच हायेत!"

"मग निवड तू."

"मला टाइम नाय," म्हणून ती जाळ्याकडे पळाली.

संध्याकाळी नरहरीने जवळ्याचं कालवण केलं. प्रत्येक घासाला दाताखाली कचकचत होतं. त्याने पोटभर खाल्लं आणि डब्यात उद्यासाठी जवळा आहे ना, ते बघून घेतलं.